इंडिया एनर्जी वीकमधील दीर्घ मुदतीचे करार लोकांसमोर का येऊ नयेत?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

इंडिया एनर्जी वीक हे तेल, वायू आणि नव्या इंधनांचे आंतरराष्ट्रीय संमेलन व प्रदर्शन २०२३ मध्ये बंगळूरला सुरू झाले, २०२४ मध्ये गोव्यात बेतुल येथे ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या संस्थेच्या आवारात भरले, २०२५ मध्ये दिल्लीला गेले आणि चौथ्या खेपेसाठी पुन्हा गोव्याचीच निवड झाली. संमेलनाला माझा विरोध नाही; माझा आक्षेप तेथे होणाऱ्या व्यवहारांच्या गुप्ततेला आहे.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेतुलच्या संमेलनात द्रवरूप वायू आयात करणारी पेट्रोनेट एलएनजी आणि कतारची सरकारी कंपनी कतारएनर्जी यांनी वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायूच्या खरेदीचा करार २०२८ पासून पुढे २० वर्षांसाठी वाढवला. दराचे सूत्र मात्र कंपन्यांनी जाहीर केले नाही; वृत्तपत्रांत जे छापून आले, ते नाव न सांगणाऱ्या सूत्रांच्या हवाल्याने. पेट्रोनेटमध्ये गेल, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि ओएनजीसी या चार सार्वजनिक कंपन्यांचा मिळून ५० टक्के हिस्सा आहे. ज्या मंचाचे उद्घाटन पंतप्रधान करतात, तेथे २०४८ पर्यंत देशाला बांधणारा करार होत असेल, तर दर कशाशी जोडला आहे आणि ठरलेला माल न उचलल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे ठरावीक मुदतीत लोकांसमोर ठेवणे बंधनकारक असावे.

दाभोळबंदर

मला हे पटत नाही. विक्रेता एका ग्राहकाला जी सवलत देतो, ती उघड झाली की उरलेले सर्व ग्राहक तीच मागतात. त्यामुळे प्रसिद्धीची अट घातल्यास सवलतच मिळणार नाही, आणि तो भुर्दंड अखेर खतकारखाने, शहरी गॅस घेणारी घरे आणि सीएनजीवरचे रिक्षावाले यांच्यावर पडेल. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर तयार बाजारातील (दीर्घ कराराविना, तत्काळ खरेदीच्या) वायूचे भाव भडकले आणि रशियाच्या गॅझप्रॉम या वायू कंपनीच्या तोवरच्या उपकंपनीने गेलचा पुरवठा थांबवला, तेव्हा गेलला आपल्या ग्राहकांचा वायू कमी करावा लागला होता. त्या काळात कतारच्या जुन्या करारानेच आधार दिला. असा भरवसा समोरासमोरच्या, बंद दाराआडच्या बोलण्यांतून उभा राहतो, आणि ही संमेलने त्यासाठीच असतात.

ऊसपट्टा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. याच संमेलनाच्या बंगळूरच्या मंचावरून ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली, आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला पावसाच्या तुटीचा हवाला देत उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यास केंद्राने मनाई केली. ती आठवडाभरात अंशतः शिथिल झाली खरी, परंतु कर्ज काढून आसवन्या (इथेनॉल बनवणारे प्रकल्प) उभारलेल्या महाराष्ट्रातील कारखान्यांना मधल्या हंगामात हिशेबच मांडता येईना. मंचावरून धोरण जाहीर करणाऱ्यांनी ते किती वर्षे टिकेल याची लेखी हमीही तेथेच द्यावी.

दाभोळबंदर

पाऊस कमी पडला आणि साखर महागण्याची भीती निर्माण झाली, तर सरकारने हातावर हात ठेवून बसायचे का? अशी हमी कोणतेही सरकार देऊ शकणार नाही, आणि तिची मागणी ऊर्जा संमेलनाकडे करणे गैरलागू आहे.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

इथेनॉलपुरते आपले म्हणणे मी मान्य करतो, वायूबद्दल नाही. कतारबरोबरच्या जुन्या करारात दर कच्च्या तेलाच्या ६० महिन्यांच्या सरासरीशी बांधलेला होता, म्हणून २०१४ नंतर तेल कोसळले तरी आपण महागच वायू घेत राहिलो. डिसेंबर २०१५ मध्ये फेरवाटाघाटी होऊन सरासरी ३ महिन्यांवर आली आणि दर जवळपास निम्मा झाला. हे सारे तपशील तेव्हा उघडपणे छापून आले; त्यानंतरही कतारने आपल्याला वायू विकणे थांबवले नाही, उलट २०२४ मध्ये पुढची २० वर्षे देऊ केली. सूत्र उघड झाल्याने सवलत हातची जाते, हे आपल्या बाबतीत तरी घडलेले दिसत नाही.