मुदतीआधी बाहेर पडणं इतकं सोपं नाही

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या सीआरपी (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, म्हणजे जमीन राखीव ठेवण्याच्या) योजनेतून शेतकरी सरकारकडून मिळालेला शेवटचा हप्ता परत करून कधीही मोकळा होतो. तसं नाही. १९८५ च्या कायद्यातून आलेल्या या योजनेत जमीन १० ते १५ वर्षं पिकाखालून काढून गवत किंवा झाडं लावायची, बदल्यात सरकार दरवर्षी भाडं देतं. मध्येच करार मोडला तर आजवरचं सगळं भाडं व्याजासकट परत, वर दंड. आठव्या-नवव्या वर्षी हा आकडा भल्याभल्यांना जड जाईल! २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे धान्य महागलं तेव्हा दंड माफ केला, तोही फक्त कराराच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांना, आणि पक्ष्यांचा विणीचा मुख्य हंगाम उलटल्यावरच. ही अट मला फार मोलाची वाटते. गवतात घरटी असताना नांगर घातला तर इतक्या वर्षांची राखण वाया जाते.