यूएसडीटी विकले नि खातं फ्रीझ, आता गुन्हा लागेल का?

भटक्या: पी२पीवर (म्हणजे एक्स्चेंजवरून थेट दुसऱ्या माणसाला) थोडे यूएसडीटी, डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो, विकले, पैसे आले, दोन दिवसांनी बँक म्हणते परराज्यातल्या सायबर पोलिसांनी खातं गोठवलंय. क्रिप्टो बेकायदा आहे का?

वकीलबुवा: नाही रे. २०२० लाच सुप्रीम कोर्टाने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून रोखणारं आरबीआयचं सर्क्युलर उडवलं, ३० टक्के टॅक्सही भरतोस ना? घोळ असा, की घेणाऱ्याने फसवणुकीचे पैसे तुला पाठवले असणार, कुणीतरी १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार केली नि साखळीतली सगळी खाती अडकली. ऑर्डर आयडी, चॅट, स्टेटमेंट घेऊन तपास अधिकाऱ्याला मेल टाक.

चहाबाज: आणि मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज पीएमएलए, म्हणजे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आलेत, केवायसी त्यांच्याकडे असतंच. टेलिग्रामवरच्या गिऱ्हाईकाला विकलं असशील तर मात्र बोंबला!