तांबेऱ्याच्या खोट्या फुलावर येणाऱ्या माशीला काय म्हणावं?

चिंचपेटी
एका विज्ञान अंकासाठी अनुवाद करतेय, त्यात अडकलेय. लेख पक्सिनिया मोनोइका नावाच्या तांबेऱ्याबद्दल, म्हणजे झाडांना रोग करणाऱ्या एका बुरशीबद्दल आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत मोहरीच्या कुळातली एक रानटी वनस्पती आहे. तिला हा रोग झाला की सहसा तिची स्वतःची फुलं येतच नाहीत. शेंड्याकडची पानं दाटीने एकत्र येतात, पिवळीधमक होतात, त्यांच्यावर गोड चिकट रस सुटतो, वासही येतो. बघणाऱ्याला ते फूलच वाटतं. माश्या येतात, रस चाटतात आणि एका झाडावरच्या बुरशीचे बारीक कण दुसऱ्या झाडावरच्या बुरशीपर्यंत पोचवतात. त्यातून बुरशीचं फलन होतं. बार्बरा रॉय यांनी १९९३ साली हे मांडलं.

आता या माशीला काय म्हणायचं? 'परागवाहक' संपादकांनी खोडलं, कारण इथे पराग नाहीच. त्यांनी सुचवलेलं 'बीजाणुवाहक' मला पटत नाही. याच बुरशीचे बीजाणू पुढच्या टप्प्यात वाऱ्याने गवतावर जातात, आणि तो टप्पाही लेखात आहे. वाचकाला वाटेल तेही काम माशीच करते. शिवाय त्यांनी सगळीकडे 'तांबेरा'चा 'गेरवा' केलाय. त्याबद्दलही सांगा.

अनुस्वार
आधी मुळात जाऊ. आपण 'परागीभवन' म्हणतो तिथूनच घोळ आहे. 'बाष्पीभवन' म्हणजे जे बाष्प नव्हतं त्याचं बाष्प होणं. 'शुद्धीकरण' म्हणजे अशुद्धाला शुद्ध करणं. हा संस्कृतातला च्वि प्रत्यय, जे नव्हतं ते होणं सांगणारा. त्या न्यायाने 'परागीभवन' म्हणजे पराग नव्हतं त्याचं पराग झालं! फुलात असं काही घडत नाही. 'परागण' हिंदीतून आलं. 'परागसिंचन' निदान अर्थाला धरून आहे. इथे तर फलन महत्त्वाचं, म्हणून 'फलनदूत' म्हणा. संस्कृतात दूत निरोप नेतो, स्वतः त्यात सामील नसतो. माशीचं तेच आहे.

कोरडवाहू
सर, तुमचं व्याकरण मान्य. पण 'परागीभवन' शाळेच्या पुस्तकात आहे, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत आहे, माझ्या पोरांना तोंडपाठ आहे. तो शब्द आता कुणी मागे घेणार नाही. कांद्याच्या बियाण्यासाठी आम्ही डेंगळ्यांमध्ये, म्हणजे कांद्याच्या फुलोऱ्याच्या दांड्यांमध्ये, मधमाशीच्या पेट्या ठेवतो, तेव्हा पेटीवालासुद्धा परागीभवनच म्हणतो. जालना, देऊळगावराजाकडे भाजीच्या बियाण्याचे प्लॉट असतात, तिथल्या बाया 'क्रॉसिंगला चाललो' म्हणतात. तिथे परागसिंचन बोललात तर ठिबक टाकायचंय असं समजतील.

आता तांबेरा. आमच्या नगर भागात गव्हावर 'तांबेरा पडला' असंच म्हणतात. पान दोन बोटांत धरून ओढलं की बोटं विटकरी होतात, शेतातून चालत आलं की पँट गुडघ्यापर्यंत रंगलेली असते. 'गेरवा' मी पाहिला तो महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्राच्या पाटीवर.

बाजरीची_भाकर
पाटीवर आहे म्हणजे शब्द आहेच की. माझे आजोबा बऱ्हाणपूरच्या बाजूचे, ते गेरवाच म्हणत. तिकडे हिंदीत गेरुई म्हणतात. गेरूचा रंग तो गेरवा, तांब्याचा रंग तो तांबेरा. दोन्ही रंगावरूनच आलेत, मग एक शुद्ध आणि एक पाटीवरचा असं का?

कोरडवाहू
अशुद्ध म्हटलं नाही ताई. पण रंगाचं म्हणाल तर तांबेरा रंगाच्या पुढे गेलाय. गव्हाच्या खोडावर येतो तो 'काळा तांबेरा'. पानावर पट्ट्या येतात तो 'पिवळा तांबेरा'. 'काळा तांबडा' कुणी म्हणेल का? पण काळा तांबेरा सगळे म्हणतात. म्हणजे आता ते रोगाचं नाव झालं, रंग सुटला. गेरव्याचं तसं झालेलं मी ऐकलं नाही. म्हणून चिंचपेटीताईंच्या पिवळ्या फुलासाठीही तांबेराच बरा.

दूरदेशी
मी डेन्व्हरजवळ राहतो आणि हे खोटं फूल डोंगरात पाहिलंय. बर्फ वितळल्या वितळल्या, बाकी फारसं काही फुललेलं नसताना दिसतं. मला ते बटरकपचं फूल वाटलं होतं. वाकून पाहिल्यावर कळलं की पाकळ्या नाहीत, पानंच आहेत, आणि त्यांच्यावर बारीक पुळ्या. हात लावला तर चिकट. त्यावर माश्या बसलेल्या होत्या, मधमाश्या नव्हे, साध्या माश्या.

पण मला वेगळंच विचारायचंय. कोरडवाहू 'तांबेरा पडला' म्हणाले. माझी आई म्हणायची मावा पडला, भुरी पडली. पण 'मर लागली', 'हुमणी लागली', 'वाळवी लागली'. यात काही नियम आहे का?

कोरडवाहू
आहे. वरून येतं ते पडतं, खालून येतं ते लागतं. मर मुळातून, हुमणी मुळाला, वाळवी मातीतून. मावा, भुरी, तांबेरा हे आभाळ आलं की पडतात. टोळधाडही पडते.

बाजरीची_भाकर
मग फळात अळी पडते ती कुठून? आणि खोडाला कीड 'लागते', ती तर वरून आलेल्या पतंगाच्या अंड्यातून. नियम फार सरळ करू नका. मला वाटतं अचानक ढीगभर दिसलं की पडलं, हळूहळू पोखरत गेलं की लागलं. मावा अचानकच दिसतो. त्याच्या माद्या नराशिवाय जिवंत पिल्लं घालतात, आज चार तर आठवड्यात सगळा शेंडा भरलेला.

दूरदेशी
तांबेऱ्याच्या बाबतीत मात्र कोरडवाहूंचं अक्षरशः खरं आहे. आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनी हेच शोधलं होतं. आपल्या मैदानी भागात उन्हाळ्याच्या तापात गव्हाचा तांबेरा तगत नाही. तो डोंगरांत, थंड हवेत, आपोआप उगवलेल्या गव्हावर जगतो आणि दर हंगामाला तिथून पुन्हा खाली येतो. काळ्या तांबेऱ्याचं घर निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. तिथून वाऱ्याबरोबर बीजाणू उत्तरेकडे सरकतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर पिकावर उतरतात. 'आभाळ आलं आणि तांबेरा पडला' यात अंधश्रद्धा काहीच नाही. युरोप-अमेरिकेत हाच रोग दारुहळदीच्या भाईबंदांवरूनही गव्हावर येतो, म्हणून अमेरिकेत १९१८ पासून ती झुडपं उपटायची मोहीम चालवली. मेहतांनी दाखवलं की आपल्याकडे हिमालयातल्या दारुहळदीचा यात हात नाही. ती उपटून काही मिळालं नसतं.

अनुस्वार
दारुहळद तांबेऱ्याची 'पर्यायी यजमान', म्हणजे तो ज्यावर जगतो ती दुसरी वनस्पती, ना? हा 'यजमान' शब्द मला सलतो. यजमान यज्ञ करवतो, दक्षिणा देतो, पाहुण्याला बोलावतो. गव्हाने तांबेऱ्याला बोलावलेलं नाही. आमच्याकडे रत्नागिरीला तर जुन्या बायका नवऱ्याला यजमान म्हणत. 'आश्रयी' किंवा 'पोषक' का नको?

बाजरीची_भाकर
'पोषक' नको, वाचक त्यात जीवनसत्त्वं शोधेल. 'आश्रयी' म्हणजे तर आश्रय घेणारा, अर्थ उलटा होतो. फुलपाखरांवर लिहिणारे सरळ 'खाद्य वनस्पती' लिहितात, ते चालू शकेल.

चिंचपेटी
खाद्य वनस्पती अळीसाठी ठीक, पण फुलपाखरू मध पितं ती झाडं वेगळी, तीही खाद्यच. बुरशीला तर मी 'खाते' म्हणायलाही कचरते, ती पेशींत शिरून शोषते. मी यजमानच ठेवणार. कृपा करून माशीकडे या.

उंबरठा
माशीसाठी आपल्याकडे एक शब्द पडून आहे, कुणीच कसा काढला नाही? केंबरं. 'उंबर फोडून केंबरं काढणे' ही म्हण सगळ्यांना माहीत असेल, झाकलेली गोष्ट उगाच उघडी करायची. उंबर फोडलं की जे काळे बारीक किडे भिरभिरतात ते केंबरं. लोक म्हणतात उंबराला फूल येत नाही, क्वचित दिसणाऱ्या माणसाला 'उंबराचं फूल झालास' म्हणतात. पण ते फळ म्हणजेच आत वळलेल्या फुलांची पिशवी. टोकाच्या इवल्या भोकातून मादी केंबरं आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात. छातीवरच्या खळग्यांत आणलेले पराग ती फुलांना देते आणि काही फुलांत अंडी घालते. पिल्लं त्या फुलांचं बीज खाऊनच वाढतात. नर बिनपंखी, त्यांचं काम माद्यांशी संग करायचा आणि उंबराच्या भिंतीला बोगदा पाडायचा. माद्या पराग घेऊन त्या वाटेने बाहेर पडतात.

आता सांगा, हे केंबरं परागवाहक की बीजभक्षक? दोन्ही आहे. त्याशिवाय बाहेरूनच शेपटाकडची लांब अंडी घालायची नळी खुपसून अंडी घालणाऱ्या जाती आहेत, त्या पराग देत नाहीत. म्हण त्यांनाही केंबरंच म्हणते. आपल्या शब्दाने कामावरून वर्गवारी केलीच नाही, राहायच्या जागेवरून केली.

अनुस्वार
म्हणजे केंबरं तांबेऱ्याच्या माशीला लागू नाही. ती उंबरात राहत नाही. शब्द सुंदर आहे पण तो नेमका हवा.

उंबरठा
माझं म्हणणं तेच आहे सर. कामावरून नाव देण्याचा हट्टच सोडावा. लेखात सरळ 'माशी' म्हणावं आणि ती काय करते ते क्रियापदाने सांगावं. 'माशी बुरशीचं फलन घडवते.' संपलं. मराठीत सगळ्याला नाम लागतं कुठे?

कोरडवाहू
हे मला आवडलं. बाजरीचंही असंच आहे बघा. अरगट नावाचा रोग बाजरीच्या फुलोऱ्यात येतो. बुरशी आत शिरते तीच मुळी फुलाच्या कुक्षीतून, म्हणजे पराग जिथे पडतो त्या टोकातून, परागाच्या वाटेने. पराग आधी पडला तर कुक्षी सुकते, बुरशीला वाट उरत नाही. बुरशी आधी पोचली तर दाणा गेला. मग कणसावर गुलाबीसर चिकट थेंब येतात, त्यावर माश्या, मुंग्या, आणि त्या पुढच्या कणसाला देतात. नंतर दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी. त्यासाठीच बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकायचं असतं, १० लिटरला २ किलो मीठ. गाठी आणि हलकं बी वर तरंगतं, ते काढून जाळायचं, खालचं बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. माझी आई हे अजून स्वतः करते, वरचा तरंग चाळणीने काढते आणि एकही गाठ राहिली तर सगळं पुन्हा बुडवते. त्या माशीला आम्ही काही नाव दिलेलं नाही.

बाजरीची_भाकर
पण रोगाला दिलंत ना, आणि कसं दिलंत! बाजरीच्या कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो त्या रोगाला 'गोसावी' म्हणतात. कणीस वाढलेल्या जटांसारखं दिसतं म्हणून. बुरशीसारख्या एका जिवाने दाणे धरणाऱ्या फुलांची पानं करून टाकली, हे एवढं मोठं शास्त्र त्या एका शब्दात आहे. अनुवादक 'हरित कणीस रोग' लिहितात तेव्हा मला राग येतो.

दूरदेशी
गोसाव्याला केवडाही म्हणतात ना? मी पुस्तिकेत 'गोसावी (केवडा)' वाचलंय.

कोरडवाहू
म्हणतात. आधी पानं पिवळी-पांढरट पडतात तो केवडा, आणि पुढे कणसाचा झुपका झाला की गोसावी. रोग एकच.

उंबरठा
द्राक्षात डाऊनी मिल्ड्यू या रोगाला केवडा म्हणतात, मुगाच्या पिवळ्या मोझॅकलाही, म्हणजे हळद्यालाही, काही ठिकाणी केवडा म्हणतात. डाऊनी एका बुरशीसारख्या जिवाचा, मोझॅक विषाणूचा, पांढऱ्या माशीने पसरणारा. औषध चुकलं तर पैसे पाण्यात. इथे शब्दाचं प्रेम बाजूला ठेवून हळद्या आणि केवडा वेगळे करायला हवेत.

कोरडवाहू
दुकानदार वेगळे करेल तर शेतकरी करेल. आमच्या गावात दुकानात पान घेऊन जातात, नाव सांगत नाहीत. पान बघून बाटली देतात. आणि केवड्याचा केवडा का झाला ते कुणी सांगितलं नाही. पिवळट पानावरून म्हणावं तर मग हळद्या वेगळा कशाला?

अनुस्वार
केवड्याच्या कणसाभोवतीची पानं पिवळट-पांढरी असतात, हळदीसारखी गडद नव्हेत. रंगाचा तोच फरक असावा. पण द्राक्षाच्या पानाखाली जो पांढरा लव दिसतो त्यावरूनही असेल. कुणाकडे शंभर वर्षांपूर्वीचं शेतीचं मराठी पुस्तक असेल तर 'केवडा' कुठल्या पिकासाठी आधी वापरला ते बघा, मग बोलू.

चिंचपेटी
अंक गुरुवारी छापायला जातोय. तांबेरा ठेवलाय, गेरवा एकदाच कंसात. माशीचं वाक्य उंबरठांनी सांगितलं तसं क्रियापदाने लिहिलं, पण शीर्षकात नाम लागतंय आणि संपादक 'फलनदूत' मागतायत.

बाजरीची_भाकर
शीर्षकात फलनदूत आलं तर मी तो लेख वाचणार नाही. अनुस्वार सर, राग मानू नका. आणि केवड्याच्या जुन्या पुस्तकाचं मी बघते, मामांच्या माळ्यावर शेतकी मासिकांचे गठ्ठे आहेत.