हार्डवेअरचं दुकान आणि नगरपरिषदेची निवडणूक

हार्डवेअरवाला: वीस वर्षं पाइप, नळ, रंग विकतोय. वॉर्डातली मंडळी म्हणतात, उभा राहा. पण नगरपरिषदेला नळाचं सामान माझ्याकडूनच जातं. ते चालतं का? आणि पुढे आमदारकी-खासदारकी आपल्यासारख्यांना जमते का?

जुना कार्यकर्ता: आधी ते सामान बंद करा. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात कंत्राटात हितसंबंध असलेला उमेदवार अपात्र ठरू शकतो, भागीदाराच्या नावाने असला तरी. बिलं घेऊन वकिलाकडे जा. अर्ज भरल्यावर नाही, आत्ताच! आमच्याकडे एकाचा अर्ज छाननीतच उडाला, बॅनर छापून तयार होते.

रिक्षा स्टँड: जमते की. एकनाथ शिंदे ठाण्यात रिक्षा चालवायचे. १९९७ला नगरसेवक, २००४ला आमदार, २०२२ला मुख्यमंत्री. पण मागे पक्षाची शाखा होती हे विसरू नका. लोकसभेला अनामतच २५ हजार, खर्चाची मर्यादा ९५ लाख. तुमचं-आमचं गल्ल्यातलं काम नव्हे ते.

नगरसेविका होते: दादा, उधारीची वही काय करणार? मी किराणा दुकान सांभाळून पाच वर्षं काढली. मत दिलेला माणूस उधारी फेडत नाही, आणि मागितली की म्हणतो, "निवडून आल्यावर बदललात ताई." गटाराची तक्रारही लोक काउंटरवरच आणतात, साखर तोलताना.

हार्डवेअरवाला: उधारी सव्वा लाख आहे. आज बायकोला विचारतो.