क्लॅट पुन्हा द्यावी का? (सोसायटीच्या ग्रुपवर)

बी-३०४: नमस्कार. लेकीच्या लॉ प्रवेशाबद्दल विचारायचंय, ग्रुपवर जाणकार आहेत म्हणून इथेच टाकते. डिसेंबरमध्ये, बारावीत असतानाच तिने क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची (एनएलयू) प्रवेश परीक्षा दिली. सराव परीक्षांत (मॉक) ऐंशीच्या घरात असायची, प्रत्यक्षात १२० पैकी ६० आले. हवी ती एनएलयू नाही मिळाली. एमएच-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) मात्र छान गेली, पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज मिळेल असं वाटतंय. ती म्हणते, वर्षभर थांबून क्लॅट परत देते. तिचे बाबा म्हणतात, हातची सीट सोडायची नाही. काय करावं?

ए-१०१: वहिनी, आयएलएस अजिबात सोडू नका. १९२४ पासूनचं कॉलेज आहे. यशवंतराव चंद्रचूड तिथलेच, १९७८ ते १९८५ सरन्यायाधीश होते.

सी-५०२: काका, तेव्हा एनएलयू नव्हत्याच ना. आता मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म्स कॅम्पसवर येतात त्या आधी एनएलयूत जातात. कॉर्पोरेटमध्ये जायचं असेल तर फरक पडतो.

डी-२०२: पण मुलीचं एक वर्ष उगाच कशाला घालवायचं?

सी-५०२: मुलाच्या वेळी आपण हे विचारतो का? मागच्याच वर्षी आपल्या विंगमधला एक जण नीटसाठी थांबला, सगळ्यांनी शाबासकीच दिली.

बी-६०१: ताई, मी कोर्टातून आत्ताच घरी येतेय. कॉलेज कोणतं हे नंतर बघू. आधी लेकीला विचारा, किती प्रश्न सोडवले आणि किती चुकले? उत्तरतालिकेवरून तिने मोजलं असेलच.

बी-३०४: विचारलं. ११० सोडवले, ७० बरोबर, ४० चूक. सोडलेले १० गणिताचे.

बी-६०१: चुकीच्या प्रत्येक उत्तराला पाव गुण जातो. ४० चुका म्हणजे १० गुण गेले. ७० चे ६० झाले ते असे. आता त्या ४० मधले किती प्रश्न तिने नीट वाचून चुकवले आणि किती शेवटच्या पंधरा मिनिटांत भराभर गोल काळे केले? सगळा निर्णय यावर आहे. घाईत चुकले असतील तर ते सरावाने सुटतं. उतारा शांतपणे वाचूनही चुकत असेल तर अडचण वाचनाची आहे, ती त्याच क्लासची त्याच नोट्सची फी दुसऱ्यांदा भरून सुटत नाही. क्लॅटमध्ये कायदा पाठ असावा लागत नाही, उताऱ्यात दिलेलं तत्त्व समोरच्या प्रसंगाला लावता यावं लागतं. आणि गणिताचे जेमतेम १० ते १४ प्रश्न असतात, तेही दहावीच्या पातळीचे. टक्केवारी आणि गुणोत्तर आलं तरी बरेच सुटतात. ते पूर्ण सोडणं परवडत नाही.

अजून एक. मॉक कुठे आणि कशा द्यायची?

बी-३०४: लॅपटॉपवर, रात्री जेवणं झाल्यावर. कधी मध्ये उठायची पण.

बी-६०१: मग ते ऐंशी मी धरणार नाही. क्लॅट कागदावर असते, ओएमआर (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) पेनने भरायची, दुपारी दोन ते चार, मध्ये उठायचं नाही. शिवाय तेव्हा बोर्डाची प्रॅक्टिकल्स आणि प्रिलिम तोंडावर होती. तो ताण यंदा नसेल, ही तिच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. म्हणून मी परत देऊच नकोस असं म्हणणार नाही.

सी-५०२: आयएलएसला ॲडमिशन घेऊन तिथूनच परत दिली तर? सीटही राहील.

ए-४०३: मी शिकवतो म्हणून सांगतो, होतं असं की पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा आणि क्लॅट हातात हात घालून येतात. मुलं वर्गात बसून करंट अफेअर्स वाचतात आणि दोन्हीकडे अर्धवट राहतात. वर आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते, दुसऱ्या कॉलेजातून आलेल्यांना एनएलयूत मध्येच दुसऱ्या वर्षाला घेत नाहीत. क्लॅट लागली तरी पुन्हा पहिलं वर्ष.

बी-६०१: सर, बरोबर आहे तुमचं. तरी घरी बसण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. एकटं घरात अभ्यास करणं अठराव्या वर्षी फार जड जातं, मैत्रिणी कॉलेजला जात असतात. पण तिला पुढे करायचंय काय? हे कुणी विचारलंच नाही.

बी-३०४: न्यायाधीश व्हायचंय. आठवीपासून हेच सांगते.

बी-६०१: ताई, मग चित्र बदलतं. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये निकाल दिला, सिव्हिल जजच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची. म्हणजे पाच अधिक तीन, आज अठराची आहे तर सव्विसाव्या वर्षी परीक्षेला बसेल. थांबली तर सत्तावीस. आणि त्या न्यायाधीशपदाच्या (जेएमएफसी) मुलाखतीत एनएलयूचा शिक्का कामाला येत नाही, तुम्ही कोर्टात काय केलंत ते येतं. ती तीन वर्षं शिवाजीनगर कोर्टात चांगल्या सीनियर वकिलाकडे मिळावीत यासाठी पुण्यात शिकलेलं उलट उपयोगी. बऱ्याच एनएलयूंची वर्षाची फी अडीच-तीन लाखांच्या आसपास जाते, तेही बघा.

बी-३०४: तिला हे सगळं वाचायला दिलं. म्हणते, खरं सांगू का आई, मला पुण्याबाहेर राहून शिकायचंय.

ए-१०१: वा, खरं बोलली पोरगी. हे कारणही काही कमी नाही.

बी-६०१: मुळीच कमी नाही काका. हॉस्टेल, मूट कोर्ट (लुटुपुटूचे खटले), देशभरातली मुलं, यातून माणूस घडतो. फक्त त्यासाठी वर्ष द्यायचं तर ते साठाचे नव्वद होण्याची आशा दिसल्यावर द्यावं. माझं सांगणं एवढंच, कॅपच्या (सीईटीच्या केंद्रीय प्रवेशाच्या) फेरीत आयएलएस घ्या, आणि रविवारी तिच्याकडून एक जुना पेपर कागदावर सोडवून घ्या. दोन तास, ओएमआर, पेन. शंका असेल तो प्रश्न सोडायचा, गणित सोडायचं नाही. असे चार-पाच रविवार जाऊ देत. क्लॅटचे फॉर्म ऑगस्टच्या सुमारास सुटतात, तोवर कळेल. पंचाहत्तरच्या वर टिकली तर मी स्वतः म्हणेन दे, आणि डिसेंबरपर्यंत रोज संध्याकाळी माझ्याकडे बसू दे तिला लीगल रीझनिंगला.

बी-३०४: ताई, तयार आहे ती. पण घरी शांतता नाही, धाकट्याचा तबला चालू असतो.

सेक्रेटरी: क्लबहाऊस रविवारी दोन ते चार रिकामं आहे. ऑफिसच्या वहीत नोंद करतो, किल्ली वॉचमनकडे ठेवतो.

डी-२०२: माझा अकरावीतला पण बसेल का? त्यालाही लॉच करायचंय.

बी-६०१: पाठवा. पेपरची प्रिंट दोघांसाठी मी आणते.