व्हर्माँट: शेजाऱ्यांच्या गटाबरोबर बंदुकीच्या सरावाला जावं का?

रानवारा
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात नवीनच आलोय. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. जवळच्या एका शेतावर काहीजण शनिवारी एकत्र बंदुकीचा सराव करतात. शेजारच्या आजोबांनी ह्यांना आग्रहाने बोलावलंय. ऑफिसात कुणी म्हणालं, इथे असं गटाने शिकायला बंदी आहे. आजोबा म्हणतात, बंदुकीचा हक्क देणारी अमेरिकी राज्यघटनेची दुसरी घटनादुरुस्ती आहे, काही होत नाही. जावं का?

सरळरेघ
आधी व्हिसाचं बघा. एच-१बी, एच-४ वाल्यांनी बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा फेडरल (देशपातळीवरचा) गुन्हा आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. दुसऱ्याची बंदूक सरावापुरती हातात घेतली तरी 'बाळगली' असं धरलं जाऊ शकतं. वैध शिकार परवाना असेल तर सूट आहे, पण तेही वकिलाला विचारूनच. अशा आमंत्रणाला खुशाल नाही म्हणा, कुणाला वाईट वाटणार नाही.

वाटसरू
बंदी सरावाला नाही, हेतूला आहे. वेस्ट पॉलेट गावात 'स्लेट रिज' नावाचं खासगी प्रशिक्षण केंद्र होतं, शेजारी कित्येक वर्षं धास्तावलेले होते. त्यानंतर २०२३ मध्ये कायदा आला. शिकवलेलं दंगलीसाठी वापरायचंय हे माहीत असेल, किंवा माहीत असायला हवं होतं असं असेल, तर गुन्हा. त्यासाठी जमून शिकणाराही त्यात येतो! ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिकार, नेमबाजी, स्वसंरक्षण यांना मोकळीक आहे.

दुसऱ्या घटनादुरुस्तीचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. पण खासगी सशस्त्र दलं राज्यांना रोखता येतात, हा १८८६ च्या प्रेसर खटल्यातला निर्णय त्याने उलटवला नाही. शिकागोत जर्मन कामगारांची सशस्त्र मिरवणूक काढल्याबद्दल प्रेसरला १० डॉलर दंड झाला होता, तो कायम राहिला. मला हे योग्यच वाटतं. हक्क माणसाचा आहे, फौज उभारायचा नाही.

डोंगरवाट
आजोबांवर उगाच संशय नको. इथे शिकार घराघरांत आहे, बहुतेक तेच चाललं असेल. पण सराव कशासाठी, हे विचारायला काय हरकत आहे? नुसतं शिकायचं असेल तर राज्याच्या वन्यजीव खात्याचा शिकारी-शिक्षण वर्ग फुकट असतो. मात्र बंदूक हाताळावी लागेल का, ते नाव देण्याआधी विचारा.

रानवारा
सगळ्यांचे आभार. व्हिसाचं डोक्यातच आलं नव्हतं. हे जाणार नाहीत, आजोबांना आजच सांगते. वकिलाची वेळ घेतेय.