पिवळ्या ट्री पिओनीला कळीच येत नाहीये, काय करू?

मातीवेडी: तीन वर्षं झाली 'हाय नून' (पिवळ्या फुलांची ट्री पिओनी, म्हणजे लाकडी फांद्यांचं फुलझुडूप) लावून, पानं मस्त येतात पण कळी एकही नाही, आणि आता बुंध्याजवळून वेगळ्याच पानांचे फुटवे यायला लागलेत. खूप जीव लावलाय हो या झाडाला, कुठे चुकतंय?

पानफूल: ते फुटवे खालच्या साध्या पिओनीचे (लाकडी फांद्या नसलेल्या, हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळणाऱ्या) असणार, कारण ट्री पिओनीचं कलम बहुतेक वेळा तिच्याच मुळावर बांधतात. माती उकरून अगदी मुळापासून काढून टाका, नाहीतर तेच झाडाला वरचढ होतील. आणि कलमाचा जोड किती खोल आहे बघा, १०-१५ सेंमी मातीखाली हवा म्हणजे वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात, साधी पिओनी वरवर लावतात तो नियम इथे चालत नाही. छाटणी करत असाल तर थांबवा, फुलं जुन्या लाकडावरच्या डोळ्यांतून येतात.

मातीवेडी: अरे देवा, मी दर हिवाळ्यात जमिनीलगत छाटत होते!

रानवाट: मग तेच कारण. हा पिवळा रंग नैऋत्य चीनमधल्या ल्युटिया या रानटी पिओनीकडून आलाय, ती झुडूपच असते, फांद्या राहू द्यायच्या. हिवाळ्याची चांगली थंडी आणि पाणी न साचणारी जमीन मात्र हवीच. तिच्यापासून केलेल्या अशा संकरांत काहींची फुलं मान खाली घालून पानांत लपतात, तेव्हा पानं बाजूला करूनही बघा.

मातीवेडी: उद्याच माती उकरते, यंदा कात्री लावणार नाही.